चव्वेचाळीस वेळा

तीन वर्षांची एक मुलगी. समोर लाकडाचा लांबट ठोकळा. त्यात दहा खाचा, आणि प्रत्येक खाचेत नेमका बसणारा एकेक दंडगोल. ती सगळे दंडगोल बाहेर काढते, सरमिसळ करते, पुन्हा जागच्या जागी बसवते. आणि परत काढते.

ही रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीतली गोष्ट. ६ जानेवारी १९०७ रोजी इटलीतल्या डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी इथे ‘मुलांचं घर’ नावाची बालशाळा सुरू केली. या मुलीकडे त्या टक लावून बघत होत्या. तिचं लक्ष उडतं का ते पाहायला त्यांनी बाकीच्या मुलांना गाणं म्हणायला लावलं. मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. तिनं ठोकळा खुर्चीच्या हातांवर आडवा टाकला, दंडगोल मांडीत गोळा केले, आणि काम पुढे चालू! माँटेसरी मोजत होत्या. चव्वेचाळीस वेळा. मग ती आपणहून थांबली, छान झोप झाल्यासारखी टवटवीत.

एवढ्याशा पोरीला कशानं धरून ठेवलं? बक्षीस नव्हतं, शाबासकी नव्हती.

बारीक दंडगोल रुंद खाचेत टाकला, तर तो आत डुगडुगतो. शेवटी हातात एक जाडा उरतो, त्याला जागाच नसते. ‘चुकलं’ असं कुणी म्हणावं लागत नाही. चूक तिची तिला दिसते, तीच ती निस्तरते. माँटेसरींच्या पद्धतीत सगळ्यांत मोलाचं काय असेल, तर हे. शिवाय दंडगोलाची इवलीशी मूठ तीन बोटांच्या चिमटीत धरावी लागते. पुढे पेन्सिल धरायची ती हीच चिमूट.

गुलाबी मनोरा या दुसऱ्या साधनाचंही तसंच. एकावर एक रचायचे दहा घन, बाजू १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत. रंग एक, आकार एक. फरक फक्त लहानमोठेपणाचा. नजर दुसरीकडे भरकटतच नाही.

माँटेसरी वर्गात तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच खोलीत. मांडण्या त्यांच्या हाताला येतील इतक्या बुटक्या. वस्तू कशी वापरायची ते ताई एकदा दाखवतात, सावकाश, मोजक्या शब्दांत. मग बाजूला होतात. हे बाजूला होणंच अवघड. मूल मनोरा चुकीचा रचत असतं आणि आपले हात शिवशिवतात. कौतुकाच्या ‘वा!’नंसुद्धा त्याची तंद्री मोडते.

खोलीत प्रत्येक वस्तू एकच. मघापासून एक मुलगा शेजारी उभा राहून बघतोय. ठोकळा मांडणीवर परत जातो. आता मुलगा पुढे होतो, दोन्ही हातांनी ठोकळा उचलतो.