केशरी दिव्याची रात्र

(दृश्य: सर्व्हर रूम. हिरव्या दिव्यांच्या रांगेत एकच केशरी दिवा.)

चार डिस्कपैकी एक गेली. बाहेर ऑफिसात कुणाला पत्ताही नाही. फायली उघडतायत, बिलं छापली जातायत.

ही सोय रेडची (RAID), म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एखादी गेली तरी काम चालू ठेवायच्या पद्धतीची. 1988 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीमधल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी तिच्यावर शोधनिबंध लिहिला. मोठ्या यंत्रांच्या डिस्क तेव्हा भलत्याच महाग. त्याऐवजी छोट्या, स्वस्त डिस्क जोडून वापराव्यात, असं त्यांचं म्हणणं. पण डिस्क वाढल्या की त्यातली एखादी बंद पडण्याचा धोकाही वाढतो. म्हणून थोडी जादा माहिती लिहून ठेवायची. तिचं नाव पॅरिटी.

(दृश्य: खडूनं फळ्यावर आकडे.)

तीन डिस्कवर आहेत 1, 0 आणि 1. चौथीवर असा आकडा लिहायचा, की एकूण 1 सम संख्येनं यावेत. इथे दोन आहेतच, म्हणून चौथीवर 0. आता मधली डिस्क पुसून टाका. उरले 1, 1 आणि 0. एकांची संख्या समच आहे, म्हणजे हरवलेला आकडा 0 होता. हेच गणित अब्जावधी वेळा करायचं. रेड 5 या प्रकारात पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता पाळीपाळीनं सगळ्यांवर पसरतात, म्हणजे एकीवरच भार पडत नाही.

(दृश्य: हात ट्रे बाहेर ओढतो. डिस्कवरच्या सीरियल नंबरवर बोट.)

ट्रे ओढण्याआधी हा नंबर दोनदा जुळवायचा. घाईत शेजारची चांगली डिस्क बाहेर आली, तर अख्खा अ‍ॅरे, म्हणजे जोडलेल्या डिस्कचा संच, बसतो.

नवी डिस्क आत गेली. रीबिल्ड सुरू, म्हणजे हरवलेली माहिती नव्या डिस्कवर पुन्हा लिहिणं. आणि माझ्या मते खरी काळजी इथून पुढे असते. हरवलेला प्रत्येक आकडा काढायला उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. डिस्क 4 टेराबाइटची आणि वेग सेकंदाला 150 मेगाबाइट धरला, तरी साडेसात तास. सोबत ऑफिसचं काम चालू असेल तर त्याहून कितीतरी जास्त. तेवढा वेळ पाठीशी काहीच नाही; आणखी एक डिस्क गेली, की अ‍ॅरे गेला. त्यात या डिस्क बहुतेकदा एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या; वयही सारखं, झीजही सारखी.

अनेक साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं: 10¹⁴ बिट वाचताना फार तर एक वाचता न येणारी चूक. म्हणजे साडेबारा टेराबाइट. आपल्याला वाचायचेत बारा. प्रत्यक्षात बऱ्याच डिस्क याहून चांगल्या निघतात, पण तसा एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा, लागलाच, तर काही कंट्रोलर (डिस्कचा संच सांभाळणारी यंत्रणा) तिथेच हात टेकतात.

म्हणून मोठ्या डिस्कना रेड 6, दोन डिस्क जाईपर्यंत तग धरणारा. म्हणूनच दर महिन्याला स्क्रबिंग: सगळ्या डिस्क वाचून कुजलेले सेक्टर आधीच हुडकायचे. आणि बॅकअप वेगळा. कुणी चुकून फोल्डर उडवला, तर रेड ते उडवणंही इमानेइतबारे सगळ्या डिस्कवर लिहितो.

(दृश्य: स्क्रीनवर आकडा सरकतो. 61 टक्के.)

रात्रीचे दोन. नव्या डिस्कचा दिवा लुकलुकतोय. खुर्चीतला माणूस कालच्या बॅकअपमधली एक फाइल उघडून बघतो. उघडली. मग तो पुन्हा आकड्याकडे वळतो. 62.