वचन कुणाच्या अंगावर पडतं

मंडळी, आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी, केलेलं चालतं का, आजोबांचा व्हेंटिलेटर काढला तर पाप लागेल का, असे फोन मला येतात आणि प्रत्येकाला एकच हवं असतं, पास्टर, वचन, म्हणजे बायबलमधली ओळ, कुठलंय ते सांगा. आयव्हीएफ, व्हेंटिलेटर हे शब्द बायबलमध्ये नाहीतच. पण मला जास्त काळजी वाटते ती जिथे वचन समोर आहे, अगदी स्पष्ट आहे, तिथली.

बायबलमधलं इफिसकरांस पत्र, सहावा अध्याय, येशूचा प्रेषित पौल लिहितो, दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा. अमेरिकेत दक्षिणेकडच्या मळ्यांवर हेच वचन घेऊन उपदेश व्हायचे आणि करणारे काही अडाणी नव्हते, शास्त्र शिकलेले होते. 1845 साली तर तिथले बॅप्टिस्ट पंथाचे लोक याच भांडणातून वेगळे झाले, गुलाम ठेवणाऱ्याला मिशनरी नेमायचं की नाही यावरून. आता त्याच बायबलात जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा 23 वा अध्याय काढा, मालकाकडून पळून तुझ्याकडे आलेल्या दासाला परत त्याच्या हवाली करू नको, असं लिहिलंय. आणि 1850 मध्ये अमेरिकेत कायदा झाला की पळालेला गुलाम परत द्यायचा, त्याला लपवलं तर दंड आणि कैद. गुलामीच्या विरोधातले लोक अनुवाद 23 दाखवायचे तर समोरचे म्हणायचे, ते परदेशातून पळून आलेल्यांबद्दल आहे. म्हणजे बघा, इथे संदर्भ लागतो आणि इफिसकरांसला लागत नाही!

हॉवर्ड थर्मन नावाचे मोठे कृष्णवर्णीय पाळक होऊन गेले, त्यांनी 1949 च्या पुस्तकात आपल्या आजीबद्दल लिहिलंय. आजी गुलामीत जन्मलेली, लिहिता-वाचता येत नव्हतं, नातू तिला बायबल वाचून दाखवायचा. स्तोत्रं चालायची, शुभवर्तमानं चालायची, पण पौलाची पत्रं ती वाचू द्यायची नाही, अपवाद फक्त करिंथकरांसमधला प्रीतीचा अध्याय, तोही कधीमधी. मोठा झाल्यावर त्याने कारण विचारलं तर म्हणाली, मळ्यावर मालकाचा गोरा पाळक यायचा आणि वर्षातून तीन-चारदा तेच, दासांनो आज्ञेत राहा, तेव्हाच मी देवाला वचन दिलं की कधी सुटले आणि वाचायला शिकले तर हा भाग वाचायचा नाही. मला वाटतं त्या अक्षरओळख नसलेल्या बाईला बायबल त्या पाळकापेक्षा जास्त कळलं होतं, कारण ते वचन जिच्या पाठीवर पडत होतं ती ही होती.

आता आपल्याकडे या. नवऱ्याचा मार खाऊन बाई चर्चमध्ये येते आणि आपण तिला मत्तयच्या शुभवर्तमानातला 19 वा अध्याय ऐकवतो, देवाने जे जोडलं ते माणसाने तोडू नये, जा, सांभाळून घे. अहो, पण तो प्रश्न कुणी विचारला होता? परुश्यांनी, म्हणजे तेव्हाच्या कडक यहुदी धर्मपंथाच्या लोकांनी. आणि काय विचारला, पुरुषाने कुठल्याही कारणावरून बायको टाकली तर चालेल का. येशूचं उत्तर टाकणाऱ्याला अडवणारं आहे, ते उचलून आपण मार खाणारीला अडवतो. आपला कायदाही असाच होता, 1869 च्या कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे, बायकोला मात्र व्यभिचार आणि वर क्रूरता, नाहीतर व्यभिचार आणि दोन वर्षं टाकून जाणं, असं दुहेरी सिद्ध करावं लागायचं. नुसती क्रूरता हे कारण धरलं जायला 2001 उजाडलं, म्हणजे एकशेबत्तीस वर्षं गेली आणि तेवढ्या वर्षांतल्या बायका आपल्याच मंडळ्यांमधल्या होत्या.

तिने पुन्हा लग्न करावं का यावर कॅथलिक आणि आपल्या प्रोटेस्टंटांत मतभेद आहेत, आपल्यातही आहेत, ते बसून बोलू, वेळ लागला तरी चालेल. पण वेगळं राहणाऱ्या बाईचा विचार पौलानेसुद्धा करिंथकरांसच्या सातव्या अध्यायात केलाय. तेव्हा रात्री दार वाजवणाऱ्या बाईला आधी आत घ्या, डॉक्टरकडे न्या, पोलिसांत जायचं असेल तर सोबत जा, आणि मत्तय 19 तिच्या नवऱ्याला वाचून दाखवा.