शरणपूरची आफ्रिकी मुलं : माग कसा काढायचा

[दृश्य : नाशिक, शरणपूर रोड, सकाळची वर्दळ]

कॅनडा कॉर्नरजवळून जाणारा हा शरणपूर रोड. ज्या शरणपूरवरून त्याला नाव पडलं, ती १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीनं वसवलेली ख्रिस्ती वस्ती. १८६०च्या सुमारास तिथे गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं-मुली यायला लागली. जंजिऱ्याच्या सिद्दींशी त्यांचा संबंध लावू नका. ती वाट वेगळी, काळही कित्येक पिढ्या आधीचा.

[दृश्य : हिंदी महासागराचा नकाशा, वाऱ्यांचे बाण]

गुलाम वाहणारी गलबतं पूर्व आफ्रिकेहून नैर्ऋत्य वाऱ्यावर अरबस्तानाकडे निघत आणि ईशान्य वाऱ्यावर परतत. ब्रिटिश गस्ती जहाजं हा हंगाम साधून वाट अडवत. सुटलेल्या माणसांना एडन, मुंबई अशा बंदरांत उतरवलं जाई. पकडणाऱ्या नौसैनिकांना बक्षीस होतं, ते सोडवलेल्या माणसांच्या संख्येवर किंवा गलबताच्या टनांवर. गलबत बहुतेक वेळा जागीच जाळून टाकत, म्हणजे मोजमापही पकडणाऱ्यांचंच. टनांचे ते आकडे डोळे झाकून घेऊ नयेत.

पुढची अडचण नावांची. घरचं नाव एक, बाप्तिस्म्याचं दुसरं, आडनाव कुणा मिशनऱ्याचं किंवा देणगीदाराचं. शरणपूरच्या सायमन प्राइसचं आडनाव तेच, जे मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस यांचं. मूळ गावाऐवजी अनेकदा फक्त बंदर नोंदलेलं असतं आणि वय अंदाजानं लिहिलेलं. म्हणून नावावर भिस्त ठेवू नका. साल, जहाज आणि सोबतची मुलं, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच माणूस तोच समजा.

[दृश्य : लिव्हिंग्स्टनच्या मोहिमेचा मार्ग]

सगळ्यात दाट नोंदी आहेत त्या स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या आफ्रिकेतल्या शेवटच्या मोहिमेच्या. १८६६ साली त्याच्या तांड्यात शरणपूरचे ९ तरुण होते. इंग्रजी कागदांत ते ‘नासिक बॉइज’. १८७२ साली आणखी ६ जण गेले, त्यांत जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आणि कारस फरार. इथे नाशिकचा अभिमान हमखास घोटाळा करतो : लिव्हिंग्स्टनचे जुने सोबती चुमा आणि सुसी यांनाही नाशिककर ठरवून टाकतो. चुमा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत होता आणि सुसी झांबेझीकाठच्या शुपांगाचा. शरणपूरशी दोघांचाही संबंध नाही.

लिव्हिंग्स्टन आपल्या रोजनिशीत या तरुणांवर आळशीपणाचा ठपका ठेवतो. तो वाचताना लिहिणारा मालक आहे, आजारी आहे आणि त्याची माणसं पळून जात आहेत, एवढं ध्यानात असू द्या.

लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूच्या तारखेचंही तसंच. इंग्रजीत छापलेल्या रोजनिशीप्रमाणे ती १ मे १८७३. चितांबोच्या गावी, आजच्या झांबियात, त्याचं काळीज ज्या झाडाखाली पुरलं, त्यावर मात्र वेनराइटनं ४ मे कोरलं. छापील तारखेला आपोआप झुकतं माप देण्याचं कारण नाही. महिनोन्‌महिने जंगलात चालताना दिवसांचा हिशेब चुकणं हे गोऱ्याच्याही हातून घडू शकतं. दोन्ही तारखा लिहून ठेवा.

तो मृतदेह मीठ लावून, उन्हात सुकवून, कापड आणि झाडाच्या सालीत गुंडाळून हजार मैलांहून जास्त चालत किनाऱ्यावर आणला गेला. वेनराइट त्याच्यासोबत इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत शरणपूरचा हा तरुणही होता.

मुली? त्या शिकल्या, लग्नं झाली, समुद्रापार गेल्या. मोहिमेच्या कागदांत त्या येत नाहीत, म्हणून बहुतेक वाचकांच्याही नजरेत येत नाहीत. त्यांच्यासाठी मिशनचे वार्षिक अहवाल आणि विवाहाच्या नोंदी चाळाव्या लागतात.

[दृश्य : मोंबासा, फ्रीअरटाउनचा घंटेचा मनोरा]

झांझिबारच्या सुलतानानं १८७३ साली ब्रिटिशांशी करार केला आणि तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. सुटलेल्यांची सोय आता आफ्रिकेतच करायची होती. १८७५ साली त्याच प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रीअरटाउन वसवलं. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं हे नाव. शरणपूरच्या अनेकांची पुढची वस्ती ती, आणि तिथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणत. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर हे दोघं १८६४ सालीच जवळच्या रबाईला पोचले होते. पुढे दोघंही पाद्री झाले.

शोध घेताना ‘नासिक’ एवढ्यावर थांबू नका. इंग्रजी कागदांत हे नाव दोन ‘एस’ आणि ‘सी-के’ घालूनही लिहिलेलं सापडतं. सुरुवात १८८३च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरपासून करा, नंतर मुंबईच्या राज्य अभिलेखागारात जा. मिशनची मूळ पत्रं बर्मिंगहॅम विद्यापीठात आहेत.