कुत्रा अंगाला रेलून बसतो, ते का?

नमस्कार मंडळी! फोंड्याहून बोलतेय. सोप्यावर आडवा झालाय तो आमचा काळू. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंपों वाजला की उठेल, तोवर निवांत.

(कॅमेरा खाली, पायाशी)

हे बघा. तोंड फाटकाकडे आणि पाठ माझ्या पोटरीला टेकवलेली. येणारेजाणारे म्हणतात, "रुसला गो तो, पाठ करून बसलाय!" रुसला कुठला? जी बाजू त्याला दिसत नाही, ती त्याने माझ्या हवाली केलीय. भरवसा नसेल त्याच्याकडे कुत्रा असा पाठ करून झोपत नाही. मे महिन्यात पलीकडची फरशी गार असते, तरी स्वारी इथेच. म्हणजे उबेसाठी येतो म्हणावं, तर तेही नाही.

पण रेलणं दर वेळी लाडाचंच असतं असं नाही. नरकासुराच्या रात्री फटाके सुरू झाले की हाच काळू मला चिकटतो. तेव्हा शेपटी पोटाखाली आणि अंग थरथरत असतं. तो लाड नाही, आसरा आहे. तेव्हा जवळ घ्या, बिनधास्त. त्याने कुत्रा भित्रा होत नाही.

आता चाटणं. पिल्लं आईचं तोंड चाटतात ती खाणं मागायला; रानटी कुत्र्यांत आणि लांडग्यांत आई खाल्लेलं ओकून भरवते. मोठेपणी तेच चाटणं भेटीचं होतं. आणि आपल्याकडचा घाम! त्यातलं मीठही त्यांना आवडतं, त्यामुळे प्रत्येक चाटण्याला पापी समजू नका.

डोळ्यांत बघणं मात्र खरं. 2015 मध्ये जपानी संशोधकांनी कुत्रे आणि त्यांचे मालक यांची लघवी तपासली. जे एकमेकांकडे जास्त वेळ बघत राहिले, त्या दोघांतही ऑक्सिटोसिन, म्हणजे माया-जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक, वाढलेलं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत तसं दिसलं नाही. अनोळखी कुत्र्याकडे मात्र टक लावू नका, त्याला ती धमकी वाटते.

आणि मिठी? सॉरी, ती आपली हौस. बहुतेक कुत्री ती सोसतात. फोटोसाठी पोरं गळ्यात हात टाकतात ना, तेव्हा कुत्र्याचं तोंड बघा: मान वळवलेली, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, जीभ ओठांवर फिरतेय, झोप नसताना जांभई. सोडा त्याला!

(काळूच्या छातीवर खाजवत)

असं करा. तीन सेकंद खाजवायचं, मग हात मागे. बघा, नाकाने ढोसतोय. म्हणजे चालू ठेवायचं. उठून गेला तर जाऊ दे.

एक राहिलं. गोवा 2021 मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, तरी किनाऱ्यावरच्या अनोळखी कुत्र्याने जखमेवर चाटलं तर 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.