गेटवरच्या गाड्या आणि आपण विद्यापीठवाले

आपल्या विद्यापीठवाल्यांच्या संघाने मला फेरीवाल्यांवर बोलायला बोलावलंय. पण मला बोलायचंय ते त्यांच्याकडे बघणाऱ्या आपल्याविषयी, म्हणजे प्राध्यापक, कारकून, शिपाई, सुरक्षारक्षक. कायद्याचं शेवटी सांगतो.

विभागात चहाची किटली घेऊन येणारा दादा आपला असतो. तोच गेटवर गाडी लावून उभा राहिला की अतिक्रमण होतो. शिपाई, माळी, सफाई कामगार या गाडीवाल्यांना नावानं हाक मारतात, त्यांच्या घरचं विचारतात. आपण प्राध्यापक मंडळी वर्षानुवर्षं तिथे खातो आणि ‘पोहेवाली’, ‘भुर्जीवाला’ एवढंच म्हणतो. मला हे फार खटकतं.

मी जिथे नोकरी केली तिथली गोष्ट, विद्यापीठाचं नाव घेत नाही. विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची होती. रंगकाम झालं, कुंड्या आल्या. तयारीच्या बैठकीत ‘परिसर स्वच्छता’ या मुद्द्याखाली गेटजवळच्या हातगाड्या लिहिलेल्या. एक सहकारी म्हणाले, “पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही हो.” त्यांनी त्याच सकाळी माझ्याशेजारी उभं राहून गेटवरच्या पोहेवाल्या मावशींकडचे पोहे खाल्ले होते! दुसऱ्या दिवशी गाड्या ट्रकमध्ये चढवल्या. मावशींचे भिजवलेले पोहे पातेल्यासकट गेले. ना यादी, ना पावती. विचारलं तर उत्तर एकच: वरून आदेश आहे.

मावशींच्या हातात राहिली फक्त उधारीची वही. शिष्यवृत्ती खात्यात जमा व्हायला किती महिने लागतात, हे या सभागृहात कोणाला सांगायला नको. तोवर गावाकडून आलेलं पोर मेसचं बिल थकवतं आणि मावशींच्या वहीवर जेवतं. कॅन्टीनचा ठेकेदार उधार देत नाही, विद्यापीठ उचल देत नाही. जी सोय आपण करायला हवी, ती ही बाई स्वतःच्या भांडवलावर, व्याज न लावता करत होती. गाडी सोडवायचे पैसे शेवटी मुलांनी वर्गणी काढून भरले. त्या यादीत शिपाई आणि माळ्यांची नावं ओळीनं होती, प्राध्यापकांची दोन.

कोणी म्हणेल, स्वच्छतेचं काय? प्रश्न खरा आहे, पाणी कुठलं वापरतात हे विचारलंच पाहिजे. पण मग गेटजवळ एक नळ द्या, कचऱ्याचा डबा ठेवा. छोट्या विक्रेत्याला अन्नसुरक्षेची साधी नोंदणी मिळते. आपल्या कार्यालयातला एखादा कारकून दुपारभर बसून सगळ्यांचे अर्ज भरून देईल. तंबाखूचं वेगळं. शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला 2003 च्या कायद्यानं बंदी आहे, ती कडक पाळा, मी तुमच्या बाजूनं उभा राहीन. पण गुटख्याच्या नावाखाली पोहे उचलू नका.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा कायदा भराभर सांगतो. 2014 चा पथविक्रेता अधिनियम. सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणाला हटवायचं नाही. हटवायचंच तर 30 दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर यादी द्यायची. नाशवंत माल मागितला त्याच दिवशी परत, बाकीचा कामकाजाच्या दोन दिवसांत. विक्रेत्यांचे प्रश्न बघणाऱ्या महापालिकेच्या नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. आवाराच्या आत हा कायदा कितपत लागू होतो यावर वकील भांडतील, पण गेटबाहेरचा फुटपाथ तर महापालिकेचा आहे. तिथली गाडी उचलायला आपल्या सुरक्षारक्षकाला कोणी सांगितलं?

संघाकडे मागणं एवढंच, की पुढच्या बैठकीत ठराव घ्या. कुलसचिवांनी महापालिकेच्या समितीला पत्र लिहून गेटजवळची जागा विक्रीसाठी निश्चित करून मागावी. आवारात वसतिगृहांजवळ रात्री उशिरापर्यंत चार गाड्यांना परवानगी द्यावी, कारण कॅन्टीन बंद झाल्यावरही अभ्यासिका चालू असते. आणि समिती कुठलीही येवो, गाड्यांबद्दलचा निर्णय गाडीवाल्यांना बैठकीत बसवूनच व्हावा. ठरावाचा मसुदा मी लिहून आणलाय, सही करायची असेल त्यांनी आत्ताच पुढे या.