कोर्टाची पायरी चढून बघा

(शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी एक कबुली देऊन टाकते. नागरिक झाल्यावर मी पहिल्यांदा मत द्यायला गेले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष, सिनेटर वगैरे दोन मिनिटांत उरकले. मग मतपत्रिकेचा उरलेला भाग बघायला घेतला, तर तो संपेचना. न्यायाधीश, आणखी न्यायाधीश, पान उलटलं तरी न्यायाधीशच. साठ-सत्तर नावं, प्रत्येकापुढे 'होय' आणि 'नाही'. प्रश्न सगळ्यांबद्दल एकच: यांना पदावर कायम ठेवायचं का? जी नावं कानाला बरी वाटली त्यांना मी होय केलं, बाकीची तशीच सोडली. घरी येऊन नवऱ्याला विचारलं, तू काय केलंस? म्हणाला, "सगळ्यांना होय. उगाच कुणाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा?"

(हशा)

हसताय, पण तुमच्यातल्या निम्म्यांनी हेच केलं असणार. आपली तरी चूक काय? आपण आलो तिथे न्यायाधीश निवडणुकीला उभा राहत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, एवढंच आपल्याला शिकवलेलं. इथे कोर्टाची पायरी न चढताही न्यायाधीशाची नोकरी आपल्या हातात येते, आणि ती का आली हे कुणी सांगत नाही.

तर आधी व्यवस्था समजून घेऊ, लवकर उरकते. आपल्या इलिनॉय राज्यात सर्किट कोर्टाचा, म्हणजे खटले जिथे आधी चालतात त्या कोर्टाचा न्यायाधीश पहिल्यांदा निवडून येतो तो पक्षाच्या तिकिटावर, इतर उमेदवारांशी लढून. कुक काउंटीत, म्हणजे शिकागो आणि आसपासच्या आपल्या भागात, डेमोक्रॅट पक्षाचा जोर इतका, की बहुतेक जागांचा निकाल मार्चमधल्या, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीतच लागतो. नोव्हेंबर ही औपचारिकता. आणि मार्चमध्ये मतदानाला जातं कोण? आपल्यातले हात वर करा बघू. ... चार. ठीक आहे.

एकदा निवडून आला की सहा वर्षांची मुदत. ती संपली की समोर प्रतिस्पर्धी नाही, पक्षाचं नाव नाही, फक्त तो होय-नाहीचा प्रश्न. पदावर राहायला साठ टक्के होय लागतात. साठ, पन्नास नव्हे. २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातले थॉमस किलब्राइड यांना निम्म्याहून बरीच जास्त मतं पडली, तरी साठपर्यंत गाडी पोचली नाही आणि त्यांना घरी जावं लागलं. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. त्यांच्याविरुद्ध पैसा ओतला गेला होता, प्रचार झाला होता. कुक काउंटीत मात्र १९९० नंतर थेट २०१८ पर्यंत एकही न्यायाधीश या प्रश्नात हरला नव्हता. अठ्ठावीस वर्षं! एवढ्या काळात सगळेच्या सगळे रामशास्त्री होते, असं मी तरी मानत नाही.

इथे एक बारकी गोष्ट आहे, ती घरी नक्की घेऊन जा. टक्केवारी मोजतात ती त्या नावापुढे ज्यांनी खूण केली त्यांचीच. कोरं सोडलेलं नाव हिशेबात येतच नाही. "मला माहीत नाही म्हणून मी सोडून दिलं" हे प्रामाणिक आहे, माझा त्यावर आक्षेप नाही. पण "मला तो पसंत नाही म्हणून मी कोरं सोडलं" याला काही अर्थ नाही. नको असेल तर 'नाही' करावं लागतं.

आता चाळणी कशी लावायची? सगळ्यांत वाईट चाळणी नावाची, आणि शिकागोत तीच सगळ्यांत जास्त चालते. इथले जुने वकील गमतीने सांगतात, न्यायाधीश व्हायचंय तर आयरिश नाव हवं, आणि बाईचं असेल तर उत्तम. गंमत कसली, उमेदवारांनी त्यासाठी कायदेशीररीत्या नावं बदललेली आहेत. शेवटी कायदा करावा लागला, की अलीकडे नाव बदललं असेल तर जुनं नावही मतपत्रिकेवर छापायचं. आणि आपणही काही कमी नाही. यादीत एखादा पटेल किंवा शाह दिसला की आपला हात आपोआप 'होय'कडे जातो. माझाही जातो. मग मी तो मागे घेते.

दुसरी चाळणी निकालाची, आणि ही फसवी आहे, कारण ती शहाणपणाची वाटते. शेजारच्या आयोवा राज्यात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सातही न्यायाधीशांनी एकमताने समलिंगी विवाहाला मान्यता दिली. २०१० मध्ये त्यांच्यातल्या तिघांची मुदत संपत होती. तिघांनाही लोकांनी काढलं. काम वाईट होतं म्हणून नव्हे, निकाल आवडला नाही म्हणून. आपल्या इथलंच बघा. १८ सप्टेंबर २०२३ पासून इलिनॉयमध्ये पैसे भरून जामीन ही पद्धतच बंद झाली. आता सरकारी वकिलाने अर्ज केला, त्यावर सुनावणी झाली, कायद्यातल्या अटी पुऱ्या झाल्या, तरच आरोपीला आत ठेवता येतं. तो कायदा केला विधिमंडळाने, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर शिव्या खातो न्यायाधीश, "बघा, सोडून दिला!" म्हणून. कायदा नको असेल तर राग आमदारावर काढा.

तिसरी चाळणी बरीच बरी, वकिलांच्या संघटनांची. शिकागो बार असोसिएशन, शिकागो कौन्सिल ऑफ लॉयर्स आणि इतर अनेक संघटना उमेदवारांची तपासणी करतात. त्यांत दक्षिण आशियाई वकिलांचीही संघटना आहे, म्हणजे आपलीच पोरं-पोरी. उमेदवाराकडून लांबलचक प्रश्नावली भरून घेतात. त्याच्यासमोर काम केलेल्या वकिलांना फोन करतात, जिंकलेल्यांना आणि हरलेल्यांनाही. मग समितीपुढे मुलाखत, आणि शेवटी शेरा: पात्र, अपात्र, विशेष पात्र. निवडणुकीआधी ते सगळं फुकट वाचायला मिळतं.

पण शेरा नुसता मोजू नका, खालचा परिच्छेद वाचा. कुणाला 'शिफारस नाही' असतं ते केवळ तपासणीला आलाच नाही म्हणून. आता तो का आला नाही, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ज्याला दुसऱ्यांचे जबाब ऐकून निर्णय द्यायचेत, त्याला स्वतः चार प्रश्नांना तोंड द्यायची तयारी नाही? पण कायद्याचं ज्ञान कमी असणं आणि मुलाखतीला न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवा. आणि वकिलांनाही दिसतं ते वकिलांच्या जागेवरून. वकिलाशी गोड बोलणारा न्यायाधीश वकील नसलेल्या माणसाशी कसा बोलतो, हे त्या कागदावर दर वेळी उतरतंच असं नाही.

म्हणून माझी चाळणी. मी कोर्टात दुभाषी आहे. मराठी, हिंदी. अठरा वर्षं मी साक्षीदाराच्या कोपराला कोपर लावून उभी राहते, आणि तिथून न्यायाधीश फार जवळून दिसतो. माणसं आणि खटले ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलून सांगते, ते समजून घ्या.

एक आजोबा होते. पार्किंगमध्ये गाडी घासली, एवढंच प्रकरण. वकिलाने विचारलं, तुम्ही आरशात बघितलंत का? आजोबांनी मान हलवली. कशी, ते तुम्हाला माहीतच आहे. (हशा) वकील म्हणाला, "साक्षीदार नाही म्हणतोय." न्यायाधीश बाईंनी हात वर केला. म्हणाल्या, "थांबा. ही मान हो म्हणते की नाही, मला कळलेलं नाही, आणि तुम्हालाही कळलेलं नाही. पुन्हा विचारा, त्यांना शब्दांत सांगू दे." मी विचारलं. आजोबा म्हणाले, "बघितलं की हो, दोनदा बघितलं." सगळं मिळून वीस सेकंद गेली असतील. त्या दिवशी त्यांच्या यादीवर पन्नासएक प्रकरणं होती.

दुसऱ्या एका कोर्टरूममध्ये पुकारा साडेनऊचा. बाकं भरलेली, कुणी कामावरून अर्धा दिवस मागून आलेलं, कुणाच्या मांडीवर पोर. न्यायाधीश आले दहा वीसला, दिलगिरीचा एक शब्द नाही. माझ्याबरोबरच्या बाई घर सोडायच्या नोटिशीवर बोलत होत्या: भाडं कधी दिलं, पावती कुणी नाकारली, हीटर कधीपासून बंद होता. त्या सांगत होत्या, मी वाक्यागणिक इंग्रजी करत होते. न्यायाधीशांनी फाईलमधून मान वर न काढता मला सांगितलं, "थोडक्यात सांगा." मी म्हटलं, युअर ऑनर, थोडक्यात सांगायची मला परवानगी नाही, त्या बोलल्या ते सगळं सांगावं लागतं. ते म्हणाले, "मग त्यांना थोडक्यात बोलायला सांगा." बाईंनी मला मराठीत विचारलं, "काय म्हणाले हो?" तेही मला शब्दशः सांगावं लागलं. त्या गप्प झाल्या. हीटरचं राहूनच गेलं.

ती बाई हरली की जिंकली, मला माहीत नाही. कदाचित कायद्याने निकाल बरोबरही असेल. मी निकालाबद्दल बोलतच नाहीये.

रोलिंग मेडोजचं कोर्ट इथून पंधरा मिनिटांवर आहे. बहुतेक सुनावण्या खुल्या असतात, कुणालाही बसता येतं. दारात मेटल डिटेक्टर, बस्स. सुट्टी शिल्लक असेल तर एक सकाळ जाऊन मागच्या बाकावर बसा. न्यायाधीश किती वाजता येतात, वकील न केलेल्या माणसाला पुढे काय करायचं ते समजावून सांगतात का, आणि त्यांचा आवाज कुणाशी बोलताना चढतो, एवढं बघा. खुनाचा खटला शोधू नका, ट्रॅफिक बघा. आपला बहुतेकांचा न्यायाशी संबंध येतो तो स्पीडिंगचं तिकीट, घटस्फोट नाहीतर भाड्याचं भांडण यांतच. आणि १९८०च्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन ग्रेलॉर्ड'मध्ये इथले न्यायाधीश लाच घेताना पकडले, पंधरा जण दोषी ठरले, तेव्हा पैशांची देवघेव बरीचशी चालली होती ती अशाच छोट्या कोर्टांत, ट्रॅफिकच्या आणि दारू पिऊन गाडी चालवल्याच्या प्रकरणांत. तिथे बघायला कुणी बसत नव्हतं.

मघाशी एकाने चिठ्ठी पाठवली आहे: त्या 'थोडक्यात' न्यायाधीशांचं पुढे काय झालं? सांगते. दोनेक वर्षांनी त्यांचं नाव मतपत्रिकेवर आलं. एका संघटनेचा शेरा बरा नव्हता, स्वभावाबद्दल दोन ओळी होत्या. मी 'नाही' केलं. नवऱ्यालाही आदल्या रात्री नाव लिहून दिलं होतं, तो चिठ्ठी घरीच विसरला आणि त्याने नेहमीप्रमाणे सगळ्यांना होय केलं. न्यायाधीश आरामात निवडून आले. जानेवारीत मला त्यांच्याच कोर्टरूममध्ये काम लागलं. पुकारा साडेनऊचा होता. मी दहालाच गेले, आणि तरी मला वीस मिनिटं बसावं लागलं.