नाटकावरच्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना

श्रोतेहो, नमस्कार.

विद्यापीठाच्या परीक्षा तोंडावर आल्या की आपल्या मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यांची जी लगबग सुरू होते, ती बहुधा नाटकाच्या पुस्तकाभोवती नसून गाईडभोवती असते. या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका मी अनेक वर्षे तपासत आले आहे, आणि त्या अनुभवावरून सांगते की, ज्यांना नाटक नीट ठाऊक आहे अशा मुलामुलींची उत्तरेसुद्धा बहुतेक वेळा कथानक सांगण्यातच संपतात. पहिल्या अंकात काय घडते, दुसऱ्या अंकात काय घडते या वाटेने चार पाने आणि वर एक पुरवणी भरते. विचारलेला प्रश्न मात्र शेवटच्या तीन ओळींत ‘अशा प्रकारे’ या शब्दांनंतर एकदाच डोके वर काढतो. परीक्षकाने नाटक वाचलेले असते, त्यामुळे त्याला गोष्ट नको असते. ती गोष्ट रंगमंचावर याच रीतीने का मांडली, हे विद्यार्थ्याला कळले आहे की नाही, एवढेच त्याला पाहायचे असते.

याला एक कारण आहे, आणि ते मुलांच्या आळसात नाही. नांदेड, परभणीसारख्या ठिकाणी राज्य नाट्यस्पर्धेच्या दिवसांत नाटके होतात, परंतु तालुक्याच्या गावाहून एसटीने ये-जा करणाऱ्या मुलीला रात्री उशिरा सुटणारे नाटक पाहणे कसे जमावे? तिने नाटक फक्त वाचलेले असते, आणि वाचताना नाटक कादंबरीसारखेच वाटते. तरीही ही मुलगी रंगभूमीला अगदीच परकी नसते. पैठणच्या एकनाथांचे भारूड तिने गावच्या सप्ताहात कधी ना कधी पाहिलेले असते. विंचू चावल्याचा आक्रोश करीत भारूडकार अंग टाकून देतो तेव्हा समोरची माणसे हसतात, आणि त्याच वेळी हा विंचू काम-क्रोधाचा आहे हेही त्यांना उमगत असते. बोलणारा एक बोलतो आणि ऐकणारा त्याहून अधिक ऐकतो, ही जाण आपल्याकडे घरचीच आहे. ती परीक्षेच्या वर्गात शिरताना चपलांबरोबर बाहेर काढून ठेवू नये, एवढेच.

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे 1967 सालचे नाटक घेऊ. यात एक हौशी नाटकमंडळी खेळ म्हणून अभिरूप, म्हणजे खोटा खोटा, खटला चालवते आणि आपल्यातल्याच लीला बेणारे या शिक्षिकेला आरोपी करते. ‘लीला बेणारेच्या स्वगताचे नाटकातील स्थान स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की, बेणारे या स्वगतातून समाजाला जाब विचारते, असे वाक्य दहांपैकी नऊ उत्तरांत सापडते. हे वाक्य ऐकायला छान आहे, पण नाटकाच्या संहितेशी ते ताडून पाहावे. बेणारेला आपली बाजू मांडण्यासाठी जेमतेम दहा सेकंदांचा अवधी दिला जातो. ती जे प्रदीर्घ बोलते, ते बोलत असताना काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, रोकडे ही सारी मंडळी जागच्या जागी गोठलेली असतात. आणि तिचे बोलणे संपताच न्यायालयाचे कामकाज जणू कोणी काही बोललेच नाही अशा थाटात पुढे सुरू होते. म्हणजे बेणारेने जाब विचारला खरा, पण रंगमंचावरच्या एकाही माणसाने तो ऐकला नाही. ऐकला तो केवळ प्रेक्षकाने. आरोपीला बोलू दिले असे दाखवायचे आणि तिचा एकही शब्द कानी पडू द्यायचा नाही, ही त्या न्यायालयाची खरी रीत आहे, आणि ती रंगसूचनेतून, म्हणजे पात्रांनी रंगमंचावर काय करावे याविषयी नाटककाराने लिहिलेल्या सूचनेतून, कळते. संवाद पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून नेमकी ती रंगसूचनाच सुटते.

याच नाटकात दाराच्या कडीकडे लक्ष द्यावे. आरंभी बेणारे सामंताबरोबर त्या सभागृहात येते तेव्हा तिचे बोट कडीत सापडलेले असते, आणि ती ते हसण्यावारी नेते. पुढे अभिरूप खटल्याचा खेळ तिच्यावर उलटतो, ती निघून जायला दाराशी धावते, तेव्हा दार उघडत नाही. सुरुवातीची किरकोळ इजा आणि नंतरची कोंडी यांचा संबंध ज्या उत्तरात दोन वाक्यांत जोडलेला असतो, त्या उत्तराला मी तरी हात आखडता घेऊन गुण देत नाही. परभणी जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीने, जिने हे नाटक कधीही रंगमंचावर पाहिलेले नव्हते, लिहिले होते की, बेणारेला त्या दाराने आधीच सावध केले होते, पण ती घाईत होती. हे कोणत्याही गाईडात नव्हते.

उत्तराची सुरुवात कशी करावी, हे मुले नेहमी विचारतात. ‘तेंडुलकर हे मराठीतील थोर नाटककार होते’ या वाक्याने काहीच साधत नाही, कारण ते कोणत्याही प्रश्नाखाली लिहिता येते. त्याऐवजी पहिल्याच वाक्यात आपले म्हणणे ठेवावे. उदाहरणार्थ, ‘बेणारेचे स्वगत हे तिचे निवेदन असले, तरी ते न्यायालयाच्या नोंदीत येत नाही, आणि या विसंगतीतच नाटकाचा उपरोध आहे.’ आता पुढचा प्रत्येक परिच्छेद याच म्हणण्याला पुरावा देत जाईल, आणि कथानकातले जे या पुराव्याला लागत नाही ते आपोआप गळेल. गाळताना जीव कळवळतो, हे मला ठाऊक आहे, पण गाळावे.

‘नटसम्राट’वरच्या उत्तरांचे दुखणे वेगळे आहे. हे 1970 सालचे शिरवाडकरांचे नाटक निघाले की आईवडिलांना सांभाळावे यावर निबंध सुरू होतो. गणपतराव बेलवलकर यांनी सारी मालमत्ता आपल्याच हाताने मुलांना वाटून टाकली, आणि रंगभूमी सोडल्यावरही ते घरात रंगभूमीच्याच भाषेत बोलत राहिले, याचा उल्लेख क्वचितच येतो. चार खोल्यांच्या घराला ते भव्य बोलणे पेलत नाही, आणि तेच बोलणे प्रेक्षकाला मात्र मोहून टाकते. शोकांतिकेची चर्चा या ताणापासून सुरू झाली तर मुलगा आणि सून केवळ खलपात्रे उरत नाहीत. राम गणेश गडकरींच्या ‘एकच प्याला’चा प्रश्न आला तर सुधाकराची पत्नी सिंधू हिच्या दुःखाबरोबर तळीरामाच्या आर्य मदिरामंडळाचे विनोदी प्रवेशही विचारात घ्यावेत, कारण ज्या दारूवर गडकरी आपल्याला हसवतात, तिच्याच पायी पुढे सुधाकराचे घर उद्ध्वस्त होते. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये माणसांचाच पडदा आहे, म्हणजे रांगेत उभी राहिलेली माणसेच पडद्याचे काम करतात, आणि त्याच्याविषयी एक शब्दही न लिहिता पूर्ण गुणांची अपेक्षा करू नये. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त मुंबईहून आलेल्यांची भाषा आणि वाड्यातल्या माणसांची वऱ्हाडी यांतले अंतर तर आपल्या मुलांच्या कानाला पुण्यामुंबईच्या मुलांपेक्षा लवकर कळायला हवे, आपण स्वतः घरी एक आणि वर्गात दुसरी मराठी बोलतोच की.

समीक्षकांच्या अवतरणांविषयी थोडे सांगते. अवतरण नेमके आठवत नसेल तर ते लिहू नये. मोठ्या समीक्षकाच्या तोंडी आपले वाक्य घालण्याचा उद्योग परीक्षकाला ताबडतोब कळतो. नाटकातला चार-पाच शब्दांचा संवाद, तो कोण, कोणाला, कोणासमोर बोलते एवढ्या माहितीसह दिला, की पुरेसा पुरावा होतो. अक्षर, समास आणि क्रमांक यांविषयी शाळेपासून आपण ऐकत आला आहात.

राहिली तयारीची गोष्ट. परीक्षेपूर्वी नेमलेल्या नाटकातला एक प्रवेश घरी ओसरीवर, भावंडांना किंवा मैत्रिणींना पात्रे वाटून, मोठ्याने वाचावा. ज्याच्या वाट्याला संवाद नाही अशा पात्रानेही तिथेच उभे राहावे, आणि दुसरे बोलत असताना आपण काय करीत आहोत हे त्याने वाचन संपल्यावर सांगावे. ‘शांतता!’मधल्या काशीकरांच्या पत्नीची, काशीकरबाईंची, भूमिका घेतलेल्या मुलीला हा प्रश्न विचारून पाहा. तिच्या उत्तरातून एक परिच्छेद सहज निघतो. नमस्कार.